मानेतल्या धमनीचं सिम्युलेशन: मिरजेच्या स्कॅनपासून भिंतीवरच्या शिअरपर्यंत

रक्तप्रवाहाचं सिम्युलेशन करतो म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "रक्त न्यूटोनियन धरलंत की नॉन-न्यूटोनियन?" म्हणजे रक्ताचा जाडपणा कायम एकच धरला की प्रवाहानुसार बदलणारा. प्रश्न चुकीचा नाही, पण तो फार लवकर विचारला जातो. मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या फाट्यावर काम करताना उत्तर सगळ्यात जास्त हलतं ते नळीच्या आकारामुळे आणि नळीच्या टोकांना आपण काय अट घातली त्यामुळे. रक्ताचा नंबर त्यानंतर लागतो. सांगलीत विश्रामबागेत एका साध्या असेंबल केलेल्या पीसीवर हे काम आम्ही ज्या क्रमाने केलं, त्याच क्रमाने इथे लिहितो. सगळी सॉफ्टवेअर फुकट मिळणारी आहेत: स्कॅनमधून आकार काढायला थ्रीडी स्लायसर, तो गुळगुळीत करायला व्हीएमटीके, प्रवाहाचं गणित सोडवायला ओपनफोम आणि निकालाची चित्रं बघायला पॅराव्ह्यू.

सुरुवात स्कॅनपासून. मिरज जवळ असल्यामुळे सीटी अँजिओ (शिरेतून कॉन्ट्रास्ट नावाचं उजळ दिसणारं द्रव्य सोडून काढलेला रक्तवाहिन्यांचा स्कॅन) करणारी केंद्रं शोधत फिरावं लागत नाही. एथिक्स कमिटीची परवानगी आणि रुग्णाची संमती आधी, डेटा नंतर. मानेचा स्कॅन ०.६२५ मिमी किंवा त्याहून पातळ स्लाइसचा हवा. रिपोर्टिंगसाठी जाड स्लाइसची वेगळी सिरीज बनवतात आणि तीच साठवली जाते. पातळ सिरीज जागा करण्यासाठी मशीनवरून काही दिवसांत पुसली जाण्याची शक्यता असते. म्हणून टेक्निशियनना स्कॅनच्या आधीच सांगून ठेवायचं: "भाऊ, थिन सिरीज तेवढी राहू द्या, पाच एमएमची नको." पाच मिमीच्या स्लाइसवरून सहा मिमी व्यासाच्या नळीचा फाटा कुणालाच उभा करता येणार नाही. रुग्णाचं नाव काढताना डायकॉम फाइलचं (स्कॅनच्या फाइलचं) हेडर साफ करणं पुरत नाही. डोस रिपोर्टच्या पानावर नाव आणि वय चित्रातच छापलेलं असतं, ती पानं संचातून काढूनच टाकावीत.

त्याच रुग्णाचा डॉपलर (रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी), दंडावरचं बीपी आणि हिमोग्लोबिन, या तीन गोष्टी त्याच वेळी मागून घ्याव्यात. नंतर मागितल्या की मिळत नाहीत.

स्लायसरमध्ये धमनीची पोकळी वेगळी करायची ती थ्रेशोल्डने, म्हणजे उजळपणाची एक सीमा ठरवून. कॉन्ट्रास्ट भरलेलं रक्त समजा ४०० हौन्सफील्डला (सीटीतल्या उजळपणाचं एकक) आहे आणि आजूबाजूचे स्नायू ५० ला, तर सीमा मधोमध, म्हणजे २२५ ला धरायची. हा आकडा प्रत्येक रुग्णाला नव्याने काढावा लागतो, कारण कॉन्ट्रास्ट किती भरला आणि स्कॅन नेमका कधी सुरू झाला यावर तो बदलतो. स्कॅन जरा उशिरा सुरू झाला असेल तर शेजारची जुग्युलर शीरही उजळलेली असते आणि थ्रेशोल्ड लावताच धमनीला चिकटून येते. ती हाताने कापावी लागते. त्याहून त्रासदायक कॅल्शियम. भिंतीतला कॅल्सिफाइड प्लाक, म्हणजे साचून कॅल्शियम धरलेला थर, रक्तापेक्षाही जास्त उजळ दिसतो आणि आहे त्यापेक्षा फुगलेला दिसतो. फक्त खालची मर्यादा लावली तर तो प्लाक पोकळीतच धरला जातो आणि जिथे धमनी अरुंद आहे तिथे ती रुंद दिसू लागते. वरची मर्यादाही लावायची, आणि तरीही त्या भागातल्या स्लाइस एकेक करून रेडिओलॉजिस्टसोबत बसून बघायच्या. या कामाला शॉर्टकट नाही.

इतकी चिकाटी कशाला, तर आकड्यांमुळे. फ्रेंच डॉक्टर प्वाझय याने १८४० च्या दशकात काचेच्या बारीक नळ्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं की, तेवढ्याच प्रवाहासाठी नळीतला दाबाचा उतार त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. भिंतीवरचा शिअर, म्हणजे वाहतं रक्त भिंतीला घासतं त्याचा ताण, तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. पिक्सेल ०.४ मिमीचा आहे आणि सीमा अर्धा पिक्सेल आत सरकली, म्हणजे ३ मिमी त्रिज्येची २.८ झाली, तर तेवढ्याच रक्तासाठी भिंतीवरचा शिअर सुमारे २३ टक्क्यांनी आणि दाबाचा उतार सुमारे ३२ टक्क्यांनी वाढतो. सॉल्व्हर, म्हणजे प्रवाहाचं गणित सोडवणारा प्रोग्राम, कितीही अचूक असो, हा फरक तो भरून काढत नाही.

पुढे स्मूदिंग. स्लायसरमधून निघालेला पृष्ठभाग पायऱ्यापायऱ्यांचा असतो आणि तो तसाच ठेवला तर प्रत्येक पायरीवर शिअरचा खोटा ठिपका उमटतो. लाप्लासियन स्मूदिंग वापरलं की पृष्ठभाग छान गुळगुळीत होतो आणि नळी गुपचूप आक्रसते. टॉबिन पद्धत वापरावी. व्हीएमटीकेत पासबँड ०.१ आणि ३० फेऱ्या इथून सुरुवात करायला हरकत नाही. आधीचं आणि नंतरचं घनफळ मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. घनफळात दोन टक्क्यांहून जास्त फरक पडला तर आम्ही परत मागे जायचो.

फाटा दिसायला हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम उलटा वाहावा तसा: खालून येणारी एक कॉमन कॅरोटिड, वर मेंदूकडे जाणारी इंटर्नल, चेहऱ्याकडे जाणारी एक्स्टर्नल, आणि इंटर्नलच्या सुरुवातीला बल्ब नावाचा फुगीर भाग. तिन्ही टोकं मध्यरेषेला काटकोनात कापायची आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही टोकांना व्यासाच्या किमान पाचपट लांबीच्या सरळ नळ्या जोडायच्या. या जोडनळ्या कशासाठी, ते पुढे कळेल. एसटीएल फाइल (पृष्ठभागाचा आकार साठवणारी) मिलिमीटरमध्ये असते आणि ओपनफोमला मीटर लागतात. एक हजाराने भागायचं राहिलं तरी सॉल्व्हर चालतो, फक्त सहा मीटर व्यासाच्या धमनीतून. त्यामुळे बाउंडिंग बॉक्स (आकाराची एकूण लांबी-रुंदी-उंची) एकदा डोळ्याने बघणं बरं. भिंत, इनलेट (रक्त आत येण्याचं टोक) आणि दोन्ही आउटलेट (बाहेर जाण्याची टोकं) यांना एसटीएलमध्येच वेगवेगळी नावं देऊन ठेवावीत.

खऱ्या धमनीला हात लावण्याआधी सरळ नळीवर चाचणी. आम्हाला हा टप्पा सगळ्यात उपयोगाचा वाटतो आणि बहुतेक जण तोच गाळतात. ३ मिमी त्रिज्या, १० सेमी लांबी, ६.५ मिली प्रति सेकंद स्थिर प्रवाह, ०.००३५ पास्कल-सेकंद व्हिस्कॉसिटी (जाडपणा), आणि इनलेटला पॅराबोलिक वेग, म्हणजे मध्यावर सर्वांत जास्त आणि भिंतीला शून्य. हाताने काढलेलं उत्तर: दाबाचा उतार सुमारे ७१.५ पास्कल, म्हणजे जेमतेम अर्धा मिमी पारा; भिंतीवरचा शिअर १.०७ पास्कल, मध्यावरचा वेग ०.४६ मीटर प्रति सेकंद. ओपनफोममध्ये मात्र दाब ०.०६७ असा दिसेल, कारण तिथला इनकॉम्प्रेसिबल सॉल्व्हर दाबाला घनतेने भागून ठेवतो. घनता १०६० किलो प्रति घनमीटर घेतली की आकडा जुळतो. भिंतीवरच्या शिअरचंही तसंच, आणि त्याची दिशाही उलट्या चिन्हाने येते. ही सवय सरळ नळीवरच लागली पाहिजे. धमनीच्या चित्रात ०.००१ दिसला तर ते चूक आहे की एक पास्कल आहे, हे तिथे कुणी सांगत नाही.

मेश, म्हणजे नळीची पोकळी ज्या बारीक सेलमध्ये विभागायची ती जाळी, ओपनफोमच्या स्नॅपीहेक्समेशने. मुळातली सेल ०.८ मिमीची, दोन पायऱ्या बारीक केली की ०.२ मिमी, म्हणजे सहा मिमी व्यासात तीसेक सेल. भिंतीलगत पाच थर, प्रत्येक पुढचा १.२ पट जाड, सर्वांत आतला ०.१ मिमी, मग भिंतीला लागून असलेली सेल ०.०५ मिमीच्या आसपास येते. पंधरा सेंटिमीटर एकूण लांबीला हे सारं मिळून सुमारे ९ लाख सेल. आतला बिंदू देताना गोल आकडा देऊ नये, तो नेमका दोन सेलच्या सीमेवर पडू शकतो आणि स्नॅपी गोंधळतो; बिंदू चुकून धमनीबाहेर पडला तर सगळी धमनीच फेकून देऊन बाहेरचा डबा शिल्लक ठेवतो. चेकमेशमध्ये सेलच्या वेडेवाकडेपणाचे दोन आकडे बघायचे: नॉन-ऑर्थोगोनॅलिटी ७० च्या आणि स्क्यूनेस ४ च्या आत हवा.

स्नॅपीची खोड ही की तो थर नेमके फाट्याच्या टोकावर गाळतो, जिथे प्रवाह येऊन आदळतो आणि शिअर सर्वांत जास्त असतो. लॉगमध्ये सरासरी ४.८ थर बसले असं दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो. पॅराव्ह्यूमध्ये तिथे आडवा काप घेऊन बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नये. थरांचा फीचर अँगल वाढवला आणि त्या टोकापुरता पृष्ठभाग आणखी एक पायरी बारीक केला की बहुतेक वेळा थर बसतात. मेश-स्वातंत्र्य, म्हणजे उत्तर मेशच्या बारीकपणावर अवलंबून नाही ना, हे तपासायला ०.३, ०.२ आणि ०.१५ मिमी असे तीन मेश घ्यायचे, म्हणजे अंदाजे ३, ९ आणि १९ लाख सेल. वेगाची चित्रं दुसऱ्या मेशलाच स्थिरावतात, भिंतीवरचा शिअर त्यानंतरही हलत राहतो. तेव्हा तपासणी शिअरवरच करायची. वेग जुळला म्हणून मेश पुरेसा आहे असं लिहिलेलं वाचलं की आम्ही पुढचं जरा संशयानेच वाचतो.

आता इनलेट. डॉपलरच्या पडद्यावर दिसतो तो त्या जागेचा कमाल वेग. आपल्याला हवा असतो एकूण प्रवाह. पॅराबोलिक प्रवाह धरला तर सरासरी वेग कमालच्या निम्मा. पण ठोक्याठोक्याने वाहणाऱ्या रक्तात वेगाचं प्रोफाइल (मध्यापासून भिंतीपर्यंत वेग कसा बदलतो तो आकार) पॅराबोला राहत नाही. ब्रिटिश गणिती वूमर्स्ली याने १९५५ मध्ये याचं गणित मांडलं. त्याच्या नावाचा अंक ठोक्याच्या गतीची रक्ताच्या जाडपणाशी तुलना करतो. इथे तो असा निघतो: ३ मिमी त्रिज्या, मिनिटाला ७२ ठोके, व्हिस्कॉसिटी भागिले घनता ३.३ गुणिले दहाचा उणे सहावा घात. उत्तर साडेचारच्या आसपास. इतक्या अंकाला प्रोफाइल मध्ये चपटं होतं, त्यामुळे निम्म्याच्या हिशेबाने प्रवाह कमी भरतो. विकसित प्रोफाइल आपोआप तयार होऊ द्यावं म्हटलं, तर ४०० च्या आसपासच्या रेनॉल्ड्स अंकाला (जडत्व आणि जाडपणा यांचं गुणोत्तर) इनलेटआधी चोवीस व्यास सरळ नळी लागेल, म्हणजे जवळपास पंधरा सेंटिमीटर. मानेत तेवढी सरळ जागा नसते. वूमर्स्ली प्रोफाइल थेट इनलेटला देणं हाच व्यवहार्य मार्ग.

डॉपलरच्या कोनाकडेही लक्ष हवं. प्रोब ६० अंशावर धरला असं मशीनला सांगितलं आणि खरा कोन ५५ किंवा ६५ असला, तर वेग सुमारे १५ टक्क्यांनी चुकतो. म्हणून कागदावरच्या आलेखासोबत कोनाची रेघ दिसणारं चित्रही मागावं.

आलेखावरून घेतलेले वीसेक बिंदू टेबलमध्ये टाकून रेषेने जोडले की दाबाच्या आलेखात दात दिसायला लागतात. कारण दाब प्रवाहापेक्षा प्रवाहाच्या बदलाला जास्त ऐकतो. ठोका सुरू होताना प्रवाह ०.१ सेकंदात १५ मिली प्रति सेकंदाने वाढला, तर १० सेमी नळीतलं रक्त नुसतं पुढे ढकलायलाच सुमारे ५६० पास्कल लागतात, म्हणजे चार मिमी पारा; घर्षणाचा उतार मघाशी बघितला तो ७१ पास्कल होता. त्यामुळे आलेखाला आठ-दहा हार्मोनिकची फूरिये मालिका (साइन-कोसाइन लहरींची बेरीज) बसवायची आणि तीच वापरायची.

आउटलेट हा सगळ्यात दगाबाज भाग. दोन्ही आउटलेटला शून्य दाब देऊन सिम्युलेशन चालतं, सुंदर चित्रं येतात आणि रक्ताची वाटणी चुकीची होते. कॉमन कॅरोटिडमधलं साधारण ६० ते ७० टक्के रक्त इंटर्नलमध्ये जातं, ते मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचा अडथळा कमी असल्यामुळे. आपण काढलेल्या दहा-पंधरा सेंटिमीटरमध्ये दाब उतरतो तो एखादा मिमी पारा. उरलेला नव्वदच्या वर पुढे, आपल्या मॉडेलच्या बाहेर. शून्य दाब दिला की तो बाहेरचा अडथळा पुसला जातो आणि वाटणी ठरवायला उरतो फक्त फाट्याचा आकार.

दोन उपाय आहेत. वाटणी ठरवूनच द्यायची, किंवा प्रत्येक आउटलेटला विंडकेसल, म्हणजे पुढच्या रक्तवाहिन्यांच्या जागी एक साधं सर्किट, जोडायचं: दोन रेझिस्टन्स (अडथळा) आणि एक कपॅसिटन्स (रक्त साठवण्याची लवचीकता). दुसऱ्याचा हिशेब अवघड नाही. बीपी १२०/८० म्हणजे सरासरी ९३ मिमी पारा, १२,४०० पास्कल. इंटर्नलला ४.५ आणि एक्स्टर्नलला २ मिली प्रति सेकंद धरले, तर एकूण रेझिस्टन्स अनुक्रमे २.७६ आणि ६.२ अब्ज एसआय एककं. त्यातला दहा टक्क्यांपर्यंतचा वाटा पहिल्या रेझिस्टन्सला, बाकी दुसऱ्याला; कपॅसिटन्स असा निवडायचा की रेझिस्टन्सशी त्याचा गुणाकार दीड सेकंदाच्या आसपास येईल. ओपनफोममध्ये टाकताना रेझिस्टन्सही घनतेने भागायचे, दाबासारखेच, आणि कपॅसिटन्सला घनतेने गुणायचं. मूळ ओपनफोममध्ये ही बाउंडरी कंडिशन तयार मिळतेच असं नाही, पण कोडेडफिक्स्डव्हॅल्यूमध्ये (आपला कोड घालायची ओपनफोममधली सोय) थोडक्या ओळींत लिहिता येते.

इथे एक वेळखाऊ जागा आहे. कपॅसिटरचा सुरुवातीचा दाब शून्य ठेवला, तर दीड सेकंदाच्या हिशेबाने तो भरायला नऊएक ठोके लागतात. तीन ठोके चालवून तिसरा वापरायचा ही पद्धत मग फसते. दाब अजून चढतच असतो. सुरुवातीलाच ११.७ टाकावं, म्हणजे १२,४०० भागिले १०६०. मग दोन ठोके सोडून तिसरा घेता येतो, आणि दुसरा-तिसरा एकमेकांवर ठेवून ते खरोखर जुळतात का ते बघायचं.

मघाच्या जोडनळ्या इथे कामाला येतात. ठोका ओसरताना बल्बमधले भोवरे सुटून आउटलेटपर्यंत येतात आणि तिथल्या थोड्या भागात प्रवाह आत वळतो. आत काय वेगाने यायचं हे सॉल्व्हरला माहीत नसतं, वेग वाढत जातो आणि लॉगमध्ये कूरांट अंक (काळाच्या एका पायरीत प्रवाह किती सेल ओलांडतो) एकदम हजारांत जातो. नळी लांब असली की भोवरा आउटलेटला पोचेपर्यंत विरतो. तरीही फुटत असेल तर इनलेटआउटलेट अट लावून आत येणारा वेग शून्य धरावा.

आता रक्त. कॅरू मॉडेलचे (शिअरनुसार रक्ताचा जाडपणा बदलणारं सूत्र) प्रचलित आकडे: शिअर नसतानाची व्हिस्कॉसिटी ०.०५६, फार शिअरला ०.००३४५ पास्कल-सेकंद, काळ ३.३१३ सेकंद, घातांक ०.३५६८. ओपनफोमच्या बर्डकॅरूला पहिले दोन घनतेने भागून द्यायचे. यातून शिअर रेट (लगतच्या थरांतल्या वेगाचा फरक भागिले अंतर, प्रति सेकंद) १ ला व्हिस्कॉसिटी २७ मिलिपास्कल-सेकंद, १० ला ९, १०० ला ४.७ आणि १००० ला ३.७ निघते. कॅरोटिडच्या भिंतीवर सरासरी शिअर रेट ३०० च्या घरात. तिथे कॅरूचं उत्तर ४.१ आहे. न्यूटोनियनला ३.५ घेऊन तुलना केली की पंधरा टक्के फरक दिसतो आणि तो नॉन-न्यूटोनियन परिणाम म्हणून खपवला जातो. प्रत्यक्षात बराचसा फरक दोन वेगळे स्थिरांक घेतल्याचा असतो. बल्बमध्ये, जिथे शिअर रेट थोडा वेळ दहाच्या खाली जातो, तिथे कॅरू जाडपणा लगेच वाढवतो. खऱ्या रक्तात तांबड्या पेशींच्या चळती रचल्या जायला काही सेकंद लागतात आणि ठोका संपतो ०.८३ सेकंदात. त्यामुळे तिथला जाडपणा मॉडेल वाढवून सांगतं. आम्ही दोन्ही चालवतो, पण मोठ्या धमनीत यावर आठवडे घालवू नयेत असं आमचं मत आहे. रुग्णाचं हिमोग्लोबिन सात असेल आणि आकडे निरोगी हिमॅटोक्रिटचे (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) वापरले असतील, तर ती चूक मॉडेलच्या निवडीपेक्षा मोठी ठरू शकते.

सॉल्व्हरबद्दल थोडंच. ओपनफोममधला पिंपलफोम, लॅमिनार (खळबळ नसलेला) प्रवाह, काळाची पायरी ०.०००१ सेकंद, म्हणजे एका ठोक्याला सुमारे ८,३०० पायऱ्या. कन्व्हेक्शनला (प्रवाहासोबत वेग वाहून नेण्याच्या गणिताला) फर्स्ट ऑर्डर अपविंड ही ढोबळ पद्धत लावली की सगळं पटकन कन्व्हर्ज होतं आणि बल्बमधला भोवरा अर्धा पुसला जातो. लिनियर अपविंडच ठेवावा. आठ कोअरवर ९ लाख सेलला एका ठोक्यासाठी रात्रभर धरून चालावं. कोअर वाढवून वेग वाढेलच असं नाही, मेमरीचे चॅनेल आधी भरतात. एप्रिल-मेमध्ये खोलीतला पारा चाळिशीकडे गेला की प्रोसेसर स्वतःच हळू होतो, तेव्हा तापमान बघत राहावं. आणि वळीव सुरू झाला की लाईट जाणारच: यूपीएस असला तरी ०.०१ सेकंदाला एकदा लिहायला लावून, पर्जराइटने शेवटचे मोजकेच संच ठेवून, पुन्हा सुरू करताना लेटेस्टटाइम. विंडकेसलचा कपॅसिटर दाब आपण लिहिलेल्या कोडमध्ये डिस्कवर जातोय ना, हे आधीच तपासावं. नाहीतर रीस्टार्टनंतर तो मूळच्या आकड्यावर परततो आणि दाबाच्या आलेखात खाच पडते. शेवटचा ठोका मात्र पर्ज बंद करून पूर्ण लिहावा.

त्या ठोक्यातून दोन गोष्टी काढायच्या: भिंतीवरच्या शिअरची काळावरची सरासरी, आणि ओएसआय, म्हणजे शिअरची दिशा किती उलटसुलट होते त्याचा ० ते ०.५ मधला अंक. ओपनफोमचं फील्डअॅव्हरेज थेट शिअरच्या व्हेक्टरवर लावून मग त्याचं परिमाण घेतलं, तर बल्बमध्ये पुढचा आणि मागचा शिअर एकमेकांना खातात आणि सरासरी खोटी कमी येते. आधी प्रत्येक क्षणी परिमाण, मग सरासरी. ओएसआयसाठी दोन्ही सरासऱ्या लागतात: व्हेक्टरच्या सरासरीचं परिमाण भागिले परिमाणांची सरासरी, ते एकातून वजा, आणि निम्मं. ०.४ पास्कलखालचा शिअर प्लाक वाढायला अनुकूल आणि दीड पास्कलच्या वरचा संरक्षक मानला जातो, त्यामुळे ही सरासरी कशी काढली त्यावर बल्ब कुठल्या बाजूला पडतो हेच ठरतं.

चित्र काढताना पॅराव्ह्यूला रंगपट्टी आपोआप ठरवू देऊ नये. फाट्याच्या टोकावरच्या एका सेलचा मोठा आकडा सगळी पट्टी ताणतो आणि उरलेली धमनी एकसारखी निळी दिसते. ० ते ३ पास्कल अशी पट्टी ठरवून सगळ्या रुग्णांना तीच वापरायची. भिंत आम्ही ताठ धरतो. खरी कॅरोटिड ठोक्यागणिक व्यासात पाच ते दहा टक्के फुगते आणि ताठ भिंतीमुळे शिअर बहुधा थोडा जास्त येतो, हे चित्राखालीच लिहून टाकतो. डॉक्टर विचारतात, "ब्लॉक किती टक्के?" ते उत्तर स्कॅन आणि डॉपलरचं आहे, आमचं नाही. आम्ही देतो ती शिअर आणि ओएसआयची चित्रं दोन बाजूंनी, तीन मेशचे आकडे एका ओळीत, थ्रेशोल्ड किती धरला तो, आणि अर्धा पिक्सेल आत-बाहेर सरकवून चालवलेल्या आणखी दोन सिम्युलेशनचे निकाल.